खरंच तूच आहेस ना बे?

(दहावी १९८९च्या तुकडीच्या वर्धा येथील स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, मधली थट्टामस्करी तेवढी कमी केली.)



या गावात मी माईकसमोर शेवटचा उभा राहिलो तो नववीतल्या वक्तृत्व स्पर्धेत. विषय होता ‘विज्ञान शाप की वरदान’. शापापर्यंत पोचलो आणि पुढचं सगळं विसरलो. ‘जय हिंद’ म्हणून खाली उतरलो तेव्हा सर्वांत जोरात टाळ्या ज्यानं वाजवल्या, तो आज मागच्या रांगेत बसला आहे. तो आला, याचा मला आज सगळ्यात जास्त आनंद आहे. तो येणार नव्हता. का, ते तुम्हाला माहीत आहे. आणि आयोजकांनी मला ‘तू कम्प्युटरवाला आहेस, तूच बोल’ म्हणून उभं केलं तेही त्याच प्रसंगामुळे. त्याला विचारूनच बोलतो आहे. नावं कोणाचीच घेणार नाही, कारण हे स्मरणिकेत छापलं जाणार आहे.

झालं काय, ते एकदा सलग सांगतो. ग्रुपवर याचे तुकडे तुकडे फिरले आणि प्रत्येकानं आपापला निकाल लावला.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी आपल्या या मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीच्या नावानं निरोप आला. ‘माझा एक कोड चुकून तुझ्या नंबरवर गेला आहे, सहा आकडी आहे, पाठव ना पटकन.’ खरंच त्याच्या फोनवर सहा आकडी कोड आलेला होता. त्यानं पाठवला. आपली वर्गमैत्रीण मागते आहे, तीन तास आधी तिनंच ग्रुपवर गणपतीच्या मखराचा फोटो टाकला होता, यात शंका घ्यायची ती काय? पण त्या मैत्रिणीचं खातं तासाभरापूर्वी असंच गेलेलं होतं. आणि तो कोड तिचा नव्हताच. याचाच होता. चोरानं आपल्या फोनवर याचा नंबर टाकून व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं, की खात्री करण्यासाठी कोड मूळ मालकाकडे येतो. तो कोड म्हणजे किल्ली. किल्ली दिली, दोन मिनिटांत याच्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं आणि तिकडे सुरू झालं. नाव याचं, फोटो याचा, आत बसलेला माणूस वेगळा.

मग रात्री साडेनऊनंतर आपल्यापैकी अकरा जणांना वेगवेगळे निरोप गेले. ‘बायकोला अ‍ॅडमिट केलं आहे, माझं यूपीआय चालत नाही, पंधरा हजार या नंबरवर टाक, सकाळी देतो.’ तिघांनी पाठवले. एकूण ४७ हजार. त्यातले बारा हजार पाठवणारा आपला मित्र तर्री-पोह्याची गाडी लावतो. ते पैसे त्यानं मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले होते. त्यानं पाठवण्याआधी विचारलंही होतं. मी तो निरोप नंतर बघितला. ‘खरंच तूच आहेस ना बे?’ उत्तर आलं, ‘हो यार, मीच आहे.’

आता जरा थांबा. आपला हा मित्र पहिलीपासून आजपर्यंत कोणाला ‘यार’ म्हणाला आहे का? (सभागृहातून: नाही!) वर्ध्याचा माणूस ‘हो बे’ म्हणेल, ‘होय ना बाप्पा’ म्हणेल. त्या एका शब्दावर चोर पकडता आला असता. पण बायको दवाखान्यात आहे म्हणणाऱ्या माणसाचं मराठी कोण तपासत बसतं?

मी पोहेवाल्याला विचारलं, एक फोन का नाही केलास? तो म्हणाला, ‘अबे, तो तिकडं दवाखान्यात धावपळ करून राह्यला असंल, त्याले कायले तरास द्यायचा? आन् पैशाची खातरी कराले फोन केला असं त्याले वाटलं असतं तं?’ मी पंचवीसहून अधिक वर्षं बँकांच्या संगणकप्रणाली सांभाळायचं काम करतो. हॅकिंगवरची किती व्याख्यानं ऐकली असतील. पण चोरी कशामुळे होते याचं इतकं नेमकं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. चोरानं आपला पासवर्ड फोडलेला नव्हता. त्यानं आपला संकोच वापरला. आपल्या माणसाला ‘तू खरा का?’ असं विचारायची आपल्याला लाज वाटते.

आणि माझी गोष्ट ऐका. मलाही तो निरोप आला होता. पावणेदहाला. मला वाचताक्षणी कळलं की हे खोटं आहे. मी पैसे पाठवले नाहीत, फोन उशाशी ठेवला आणि झोपलो. सकाळी उठून ग्रुपवर लिहिलं. तोवर तिघांचे पैसे गेलेले होते. पोह्यावाल्याचे पैसे गेले ते रात्री अकराला, म्हणजे मी झोपल्यानंतर. मी दोन ओळी लिहिल्या असत्या, दोन फोन केले असते, तर ते बारा हजार वाचले असते. ग्रुपवर सगळे ज्याचं खातं गेलं त्याला बोलले. ‘इतकं शिकलेला माणूस कोड देतो कसा?’ मला कोणीच काही बोललं नाही. तो मात्र दुसऱ्या आठवड्यात ग्रुप सोडून गेला. त्यानं त्या तिघांचे पैसे हप्त्याहप्त्यानं परत केले, जे त्यानं घेतलेच नव्हते. मला विचाराल तर त्यानं ते द्यायला नको होते आणि आपण घ्यायला नको होते. असो. तो आज आला आहे.

आता तुम्हाला पुण्याला घेऊन जातो, कारण हीच फसवणूक मोठ्या प्रमाणावर कशी होते ते तिथे दिसलं.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक, स्थापना १९०६ची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते बँकेला विचारतं, ‘या माणसाच्या खात्यात एवढे पैसे आहेत का, देऊ का?’ हा प्रश्न ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत जातो आणि उत्तर त्याच वाटेनं परत येतं. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्राम शिरवून या वाटेत आपला एक खोटा स्विच उभा केला. जगभरातून प्रश्न येत होते, ‘देऊ का?’ ते बँकेपर्यंत पोचतच नव्हते. मधला खोटा स्विच परस्पर सांगत होता, ‘हो, द्या.’ काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. भारतातूनही सुमारे अडीच कोटी निघाले, त्यात आपल्या कोल्हापुरातली एटीएम होती. सोमवारी, १३ तारखेला, बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप-यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. ठेवीदारांच्या खात्यातून रुपयाही कमी झाला नाही, कारण त्यांच्या खात्यांना कोणी विचारलंच नव्हतं. भुर्दंड बँकेवर पडला. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या एका अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडलेला आहे. बघा, कुठलं प्याँगयाँग आणि कुठलं कोल्हापूर.

आमच्या क्षेत्रात ही बातमी आली तेव्हा कित्येक रात्री आम्ही झोपलो नाही. पण मला खरी समजली ती गेल्या वर्षी, आपल्या पोहेवाल्या मित्राचा तो निरोप बघितल्यावर. त्यानं प्रश्न बरोबर विचारला होता: खरंच तूच आहेस ना? फक्त तो प्रश्न त्यानं त्याच वाटेनं पाठवला, जिच्यावर चोर बसलेला होता. मग चोर दुसरं काय सांगणार?

म्हणून शंका आली की वाट बदलायची, एवढं तंत्र लक्षात ठेवा. निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर साधा फोन लावा. त्याचा फोन लागत नसेल तर वहिनींना लावा, भावाला लावा, त्याच्या गल्लीत राहणाऱ्या कोणाला तरी लावा. वर्ध्यात कोणाच्या घरी निरोप पोचत नाही असं आहे का? ‘बँकेतून बोलतो’ म्हणणाऱ्यानं दिलेल्या नंबरवर नाही, तर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. आता तर आवाजाचीही नक्कल होते. पोराच्या आवाजात रडून पैसे मागतात. तेव्हा आपल्या दोघांनाच माहीत असेल असं काहीतरी विचारा. वाढदिवस विचारू नका, तो फेसबुकवर आहे. सेवाग्रामच्या सहलीत माकडानं कोणाचा डबा पळवला ते विचारा. (सभागृहातून उत्तर येतं.) अरे, उत्तर काय देता! संपादक, हे नाव छापू नका.

हसू नका, हा मुद्दा गंभीर आहे. खातं परत मिळवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी अजूनही गुप्त प्रश्न असतो: ‘तुमची पहिली शाळा कोणती?’ या सभागृहात शंभर माणसं बसली आहेत आणि शंभर जणांना एकमेकांचं उत्तर ठाऊक आहे. बाहेर कमानीवर आपण शाळेचं नाव आणि दहावीचं साल लिहिलं आहे. साल कळलं की जन्मवर्ष कळलं. दुपारपर्यंत ते फोटो सगळीकडे जातील. फोटो टाकू नका असं मी म्हणत नाही, मीच चार टाकले आहेत. पण त्या प्रश्नाचं उत्तर खोटं द्या. पहिली शाळा? ‘भाकरीचा तवा’. सत्यवचनाचा आग्रह धरणाऱ्या या जिल्ह्यात उभं राहून सांगतो, संगणकाच्या गुप्त प्रश्नाला खोटं उत्तर देण्यात पाप नाही.

आपल्यातल्या दोघांनी मघाशी विचारलं की व्हायरस आणि हॅकर एकच का. एक नव्हे. हॅकर माणूस असतो, व्हायरस त्यानं सोडलेला प्रोग्राम. मी नागपूरला संगणक शिकायला गेलो तेव्हा व्हायरस फ्लॉपीतून यायचा. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस १९८६चा, ‘ब्रेन’ नावाचा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. त्यांनी त्यात स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. इतके सज्जन व्हायरसकर्ते पुन्हा झाले नाहीत. त्याच्या औषधाचा धंदा आपल्या मराठी माणसांनीही केला. कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानातून ‘क्विक हील’ उभी केली, तो काळ १९९०च्या दशकातला. ‘क्वारंटाइन’ हा शब्द कोरोनात सगळ्यांना कळला, अँटीव्हायरसवाले तो आधीपासून वापरत होते. सेवाग्राम आश्रमात आपण साप धरायचा चिमटा आणि पिंजरा बघितला होता, आठवतो? सापाला मारायचं नाही, धरून पिंजऱ्यात ठेवायचं आणि लांब नेऊन सोडायचं. अँटीव्हायरसही आधी धरून पिंजऱ्यातच ठेवतो. सोडून मात्र देत नाही, एवढाच फरक.

मग मे २०००मध्ये ‘आय लव्ह यू’ आला, फिलिपीन्समधून. ईमेलला जोडलेलं प्रेमपत्र. उघडलं की तो तुमच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना तुमच्याच नावानं जायचा. जगभर हाहाकार झाला तो एवढ्याचमुळे, की पत्र अनोळखी माणसाचं नव्हतं. साहेबाकडून, शेजाऱ्याकडून, मेव्हणीकडून आलेलं प्रेमपत्र कोण उघडणार नाही?

पंचवीस वर्षांनी तीच युक्ती आपल्याकडे लग्नपत्रिका होऊन आली. ऑगस्ट २०२५मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ३० ऑगस्टच्या लग्नाचं आमंत्रण आलं. खाली पत्रिकेसारखी दिसणारी फाइल. दाबली, आणि खात्यातून १ लाख ९० हजार गेले. ती पत्रिका नव्हती, एपीके होती, म्हणजे अँड्रॉइड फोनवर चढवायचं अ‍ॅप. असं अ‍ॅप चढलं की ते तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण ‘अलाऊ, अलाऊ’ करत जातो. मग बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्याला दिसतो. शिवाय हीच फाइल तुमच्या नावानं तुमच्या पाहुण्यांना जाऊ शकते. कधी लग्नपत्रिका, कधी आरटीओचं चलान, कधी पीएम किसानची यादी, कधी विजेच्या बिलाची धमकी. वेश बदलतो, आतलं जनावर तेच.

ओळखायची खूण सोपी आहे. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. तेवढं दिसलं नाही तरी फोन तुम्हाला विचारतो, ‘इन्स्टॉल करायचं का?’ पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागते का? पत्रिका बघायची असते, वाचायची असते, नाव चुकलं म्हणून रुसायचं असतं. इन्स्टॉल शब्द दिसला की मागे फिरा. चुकून केलंच, तर त्याच क्षणी फोन एरोप्लेन मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. फोन नंतर सावकाश जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्या.

आता सरांकडे येतो. सर, तुम्ही परवानगी दिलीत म्हणून.

आपले मराठीचे सर निवृत्त झाल्यावर ब्लॉग लिहायचे, हे अर्ध्या लोकांना माहीत नसेल. २०१०पासून. जिनिंगसमोर उभ्या कापसाच्या बैलगाड्या, पवनारला धामच्या पुलावरून पाणी गेलं तो दिवस, पुलगाव–आर्वीची छोटी रेल्वे, जुन्या बाजारातले हाका मारणारे आवाज. दीडशेच्या आसपास लेख होते. दोन बोटांनी टाइप केलेले. दोन वर्षांपूर्वी सरांना ईमेल आला: ‘तुमचं खातं बंद होणार आहे, खाली दाबून पासवर्डची खात्री करा.’ सरांनी केली. ते पान कंपनीच्या पानासारखंच दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ईमेल उघडेना. चौथ्या दिवशी ‘पवनारचा पूर’ या लेखाच्या मधोमध जुगाराच्या जाहिराती आल्या. महिन्याभरात ब्लॉगच गेला.

मी पुण्याहून बरेच प्रयत्न केले. खातं परत मिळवायचा मार्ग होता. नोंदवलेल्या मोबाइलवर कोड येतो, तो द्यायचा. पण नोंदवलेला मोबाइल सरांचा जुना नंबर होता. मुलाकडे राहायला गेल्यावर त्यांनी तो रिचार्ज न करता सोडून दिला होता. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, तसा तो दिला गेला होता. मी त्या नंबरवर फोन केला. एक बाई बोलल्या, दुसऱ्या राज्यातल्या. त्यांना बिचारीला काय कळणार मी काय मागतो आहे ते? अनोळखी माणूस फोन करून म्हणतो, ‘ताई, तुम्हाला एक सहा आकडी कोड येईल, तो मला सांगा.’ त्यांनी माझी चांगली खरडपट्टी काढली आणि फोन ठेवला. त्यांनी अगदी बरोबर केलं. माझ्या आयुष्यातला हा एकच प्रसंग की समोरच्यानं नियम पाळला आणि मला रडू आलं.

सर फोनवर मला एवढंच म्हणाले, ‘जाऊ दे रे, पैसे थोडेच होते त्यात.’

म्हणून आज जेवणाआधी थोडा वेळ मी तुमच्याकडून काम करून घेणार आहे. फोन काढा. सगळ्यांनी. बाई, तुम्हीसुद्धा. ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडे आपल्या मुलामुलींपैकी कोणी येईल. काम तुमच्या हातानंच करा, पिन कोणाला सांगू नका, त्या पोरांनाही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट’, तिथे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’. सहा आकडी पिन तुम्ही ठरवायचा. आता एसएमएसचा कोड कोणाच्या हाती लागला तरी हा पिन लागेल. तिथेच ईमेल पत्ता विचारतात, तो द्या, पिन विसरलात तर उपयोगी पडतो. आपल्या मित्राकडे हा पिन नव्हता, म्हणून चोरानं आत गेल्यावर पहिलं काम काय केलं, तर स्वतःचा पिन लावला. आपण आपल्या नंबरवर पुन्हा कोड मागवून टाकला की चोर बाहेर पडतो, पण त्यानं लावलेला पिन माहीत नसेल तर आत जायला आपल्याला सात दिवस थांबावं लागतं. ते सात दिवस काय असतात ते मागच्या रांगेला विचारा.

मग ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा. तुमचं खातं आणखी कुठल्या संगणकावर उघडं आहे ते दिसेल. एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात कधी प्रिंट काढायला उघडलं असेल, ते अजून उघडं असू शकतं. काढून टाका.

आणि ईमेल. लोक बँकेच्या पासवर्डला जपतात आणि ईमेलचा पासवर्ड ‘गावाचं नाव १२३’ ठेवतात. उलट हवं. कुठलाही पासवर्ड विसरलो की नवा कुठे येतो? ईमेलवर. ईमेल गेला की बाकीची दारं चोर एकेक करून उघडतो. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा, लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, लक्षातही राहतात आणि फोडायला ‘ए’च्या जागी ‘अ‍ॅट’चं चिन्ह टाकलेल्या छोट्या शब्दापेक्षा कितीतरी अवघड. वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल. आमच्यातले काही तज्ज्ञ हे ऐकून नाक मुरडतील, पण उत्तर कोरियाचा चोर रामनगरातलं तुमचं कपाट उघडायला येणार नाही. तोच पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका, कारण कुठल्या तरी फालतू वेबसाइटवरून तो फुटतो आणि चोर तीच किल्ली सगळ्या कुलपांना लावून बघतो. खात्यात नोंदवलेला मोबाइल नंबर आजचाच आहे ना, ते बघा. सरांच्या बाबतीत सगळं अडलं ते तिथे.

एक गोष्ट पैशांबद्दल. पैसे गेले की १९३० हा नंबर. राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. रडायचं, घरच्यांपासून लपवायचं, उद्या बँक उघडल्यावर बघू म्हणायचं, यात सगळं जातं. चोराच्या खात्यातून पैसे पुढच्या खात्यात, तिथून पुढच्या, असे काही तासांत पसार होतात. लवकर कळवलं तर मधल्या एखाद्या खात्यात ते गोठवता येतात. आपल्या ४७ हजारांपैकी ११ हजार असे अडकले, तेही आपण दुसऱ्या दिवशी दुपारी कळवलं तरी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकात म्हटलं होतं: ग्राहकाची चूक नसताना, तिसऱ्याच कोणाच्या करणीमुळे पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकावर जबाबदारी नाही. पण ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, असंही त्यात होतं. म्हणून चूक आपली असेल तेव्हा तर आणखीच घाई करायची. नेमकं तेव्हाच आपण लाजून गप्प बसतो. मी तर लाजायचं कारण नसताना गप्प बसलो होतो.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत. आत गोरसपाक ठेवला आहे म्हणे, तेव्हा फार ताणत नाही. सरांबद्दलचं एक काम राहिलं.

ब्लॉग गेला, पण सर नवा लेख लिहिला की काही जणांना तो ईमेलनंही पाठवत. काहींनी प्रिंट काढून ठेवले होते. एका मैत्रिणीच्या सासूबाईंना वाचायला आवडायचे म्हणून तिनं चक्क फाइल केली होती, पंचमढीला गेली तरी सोबत. गेल्या आठ महिन्यांत आम्ही विचारत विचारत एकसष्ट लेख जमवले. त्यातले तीन याच स्मरणिकेत आहेत. ते आता तीन ठिकाणी ठेवले आहेत: एक प्रत माझ्याकडे, एक सरांच्या मुलाकडे, आणि एक छापील गठ्ठा शाळेच्या ग्रंथालयात, ज्याला पासवर्ड नाही. बोर धरणाच्या सहलीचा लेख मात्र कोणाकडेच मिळाला नाही. छोट्या रेल्वेवरचा दुसरा भागही नाही. घरी गेल्यावर जुने ईमेल आणि जुने डबे उघडून बघा. सापडला तर मला पाठवा.

आणि पाठवण्याआधी मी फोन करीन. तुम्हीच आहात ना, ते विचारीन. राग मानू नका.